कोकच्या ढिगाकडे आधी बघा: फाउंड्रीतल्या या चुका टाळा

भोसरी, चाकण किंवा तळवड्यातल्या कुठल्याही फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, कास्टिंग परत आलं की पहिलं बोट वाळूकडे जातं. मग कोअर (साच्यातला वाळूचा गाभा), मग मोल्डर, मग बिचारा ओतणारा. शेडच्या मागे पडलेल्या कोकच्या ढिगापर्यंत चौकशी सहसा पोचतच नाही. थंड धातू, वाढलेलं गंधक, स्लॅगचे, म्हणजे वितळलेल्या मळीचे डाग, मशीनिंगनंतर उघडी पडणारी छिद्रं, अशा कितीतरी तक्रारींचं मूळ खरेदीच्या टेबलावर असतं. वाळू आपण रोज तपासतो. कोक मात्र नाव आणि भाव बघून घेतो.

पेट कोक आणि हार्ड कोक एकच समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. हार्ड कोक दगडी कोळशापासून होतो. कोकिंग जातीचा कोळसा हवाबंद ओव्हनमध्ये तापवला की साधारण ३५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तो मऊ पडतो, फुगतो आणि पुन्हा घट्ट होतो. पुढे १,००० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत त्यातले वायू निघून जातात आणि सच्छिद्र पण कणखर सांगाडा उरतो. पेट कोक येतो रिफायनरीतून. कच्च्या तेलातलं पेट्रोल-डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जो जड गाळ उरतो, तो कोकिंग युनिटमध्ये तापवून हा कोक मिळतो. हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या पेट कोकमध्ये बाष्पशील भाग बराच असतो आणि तो सहज चुरतो.

कुपोलात, म्हणजे कोक जाळून लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीत, कोक तीन कामं करतो: उष्णता देतो, धातूला कार्बन देतो आणि वरच्या भंगाराचा, पिग आयर्नचा (कच्च्या लोखंडाचा) सगळा भार पेलतो. पेट कोक या तिसऱ्या कामात नापास होतो. दाबाखाली त्याचा भुगा होतो, हवेच्या वाटा बुजतात आणि ट्वियरसमोर, म्हणजे भट्टीत हवा सोडणाऱ्या नळ्यांसमोर, काळोख दिसायला लागतो. स्वस्त पडतो म्हणून थोडा मिसळून बघू, असा मोह होतो. तो टाळा.

गंधकाचाही प्रश्न आहेच. तेलातल्या गंधकाचा मोठा वाटा गाळात आणि तिथून कोकमध्ये उतरतो. त्यामुळे कोक कसा निघेल हे तेल कुठलं यावर ठरतं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात १९७४ साली सापडलेलं आणि १९७६ पासून उत्पादन देणारं मुंबई हायचं तेल गंधकाला हलकं आहे. आसामचं तेलही तसंच. पश्चिम आशियातल्या जड तेलाच्या कोकमध्ये मात्र गंधक ६-७ टक्क्यांपर्यंत जातं. याच गंधकाच्या धुरामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थानात इंधन म्हणून पेट कोकच्या वापरावर बंदी घातली होती. पुरवठादाराला सरळ विचारा, माल कोणत्या रिफायनरीचा आहे आणि गंधक किती. उत्तर टाळलं गेलं तर गाडी उतरवून घेऊ नका.

ब्लास्ट फर्नेसचं सर्टिफिकेट बघून फाउंड्रीसाठी कोक घेणं

विक्रेता अभिमानाने कागद दाखवतो: सीएसआर (तापल्या वायूत झिजल्यावर उरलेली कोकची मजबुती) ६५. आकडा उत्तम आहे, पण तो पोलादाच्या मोठ्या भट्टीसाठी आहे. त्या चाचणीत सुमारे २० मिलिमीटरचे २०० ग्रॅम तुकडे १,१०० अंशांवर २ तास कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात, मग ड्रममध्ये ६०० फेरे देतात आणि किती टिकले ते मोजतात. तुमच्या कुपोलात काय होईल याचं अर्धंच उत्तर त्यातून मिळतं, कारण तुम्हाला लागणारा आकारच वेगळा आहे.

ट्वियरसमोर कोक जळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि उष्णता सुटते. तोच वायू वर चढताना तापलेल्या कोकला भिडला की कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि ही दुसरी क्रिया उष्णता खाते. तुकडे जितके लहान, तितका त्यांचा पृष्ठभाग जास्त आणि ही चोरीही जास्त. म्हणून ब्लास्ट फर्नेसला २५ ते ८० मिलिमीटरचा कोक चालतो, पण फाउंड्री कोक १०० मिलिमीटरच्या पुढचा हवा. साधा अंदाज असा, की तुकडा कुपोलाच्या आतल्या व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा असावा. असा मोठा आणि घट्ट तुकडा मिळवायला ओव्हनमध्ये कोक हळू भाजावा लागतो, एक दिवस किंवा त्याहून जास्त. फाउंड्री कोक महाग असण्याचं हे एक कारण आहे आणि ते न्याय्य आहे.

मजबुती तुम्ही आपल्याच शेडमध्ये तपासू शकता. ५० मिलिमीटरवरचा २५ किलोच्या आसपास कोक घ्या, १.८३ मीटर उंचीवरून लोखंडी पत्र्यावर ४ वेळा टाका आणि ५० मिलिमीटरच्या चाळणीवर किती उरला ते तोला. शॅटर चाचणी म्हणतात ती हीच. प्रत्येक गाडीचा आकडा वहीत लिहून ठेवा. काही महिन्यांत कोणता पुरवठादार घसरतोय हे कुणी सांगायची गरज उरत नाही. हातात घेतलेला तुकडा चंदेरी-करडा असावा आणि दुसऱ्यावर आपटल्यावर खणखणीत वाजावा. काळपट, बद्द आवाजाचा तुकडा म्हणजे कच्चा राहिलेला माल.

राखेचा हिशोब न करणं

झारखंडमधल्या झरियाच्या कोळशात राख मुळातच भरपूर. धुऊनही ती बऱ्यापैकी उरते, म्हणून चांगला लॅम कोक, म्हणजे कमी राखेचा हार्ड कोक, बहुतांशी आयात कोळशावर, त्यातही ऑस्ट्रेलियाच्या कोळशावर बनतो. आपल्या संशोधकांनी यावर चिकाटीने काम केलं आहे. जमशेदपूरला टाटा स्टीलने १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोळसा ठोकून, त्याची दाट वडी करून ओव्हनमध्ये घालायची पद्धत आणली. सैल भरलेल्या कोळशाची घनता दर घनमीटरला साधारण ७५० किलो असते, ठोकल्यावर ती १,००० किलोच्या पुढे जाते. कण जवळ आल्याने कमी प्रतीच्या कोळशापासूनही कणखर कोक मिळतो. पण ठोकण्याने राख कमी होत नाही, हे खरेदी करताना लक्षात ठेवा.

१२ टक्के राखेच्या एका टन कोकमधून १२० किलो राख येते, २८ टक्क्यांच्या कोकमधून २८० किलो. ती जास्तीची १६० किलो राख वितळवायला उष्णता लागते, तिला वाहती ठेवायला चुनखडी लागते, आणि ती चुनखडी फुटायलाही उष्णता लागते. चुनखडी जुन्याच मापाने टाकत राहिलात तर स्लॅग घट्ट येतो, भिंतीला चिकटतो आणि चार्ज (वरून भरलेला माल) मध्येच अडकतो. ठीकठाक कोकसाठी चुनखडी कोकच्या वजनाच्या पाव हिश्शापासून सुरू करा आणि राखेप्रमाणे वाढवा. टनामागचा भाव बघण्यापेक्षा टनातल्या स्थिर कार्बनचा, म्हणजे राख, ओलावा आणि बाष्पशील भाग वगळून उरणाऱ्या कार्बनचा, भाव काढा. बरेचदा महाग वाटणारा कोक स्वस्त निघतो.

पावसाळ्यात तेच वजन, तोच काटा

जून ते सप्टेंबर पुण्यातल्या कुपोलावर एकच वाक्य ऐकू येतं. भट्टीवरचे मामा सांगतात, ‘साहेब, आज माल थंड येतोय.’ साहेब ब्लोअर बघतात, ट्वियर बघतात, भंगाराला दोष देतात. कारण ओलाव्यात असतं. कोक सच्छिद्र असल्यामुळे भरपूर पाणी धरून ठेवतो. ३ टक्के ओलाव्याच्या १०० किलो कोकमध्ये ९७ किलो कोरडा माल असतो. उघड्यावर भिजून ओलावा १२ टक्के झाला की तोच आकडा ८८ वर येतो. म्हणजे काट्यावर १०० किलो दाखवत असतानाच प्रत्येक चार्जमध्ये ९ किलो कोक कमी पडतोय, आणि आत गेलेलं पाणी वाफ व्हायला उष्णता घेतंय ते वेगळं.

पैशाचंही तेच. १० टनांच्या गाडीत १२ टक्के ओलावा म्हणजे १.२ टन पाण्याचे पैसे. ऑर्डरमध्ये ओलाव्याची मर्यादा आणि त्यावरच्या कपातीचं कलम लिहून घ्या. फोडलेला एक किलो नमुना १०५ ते ११० अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवला की झाली चाचणी. लाल कोक पाण्याऐवजी नायट्रोजनने थंड करायचं तंत्र विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याने पहिल्यापासून वापरलं, आणि त्याने कोक कोरडा मिळतो. तुमच्या हातात तेवढं नसलं तरी पत्र्याची शेड, उंच केलेली जमीन आणि पाणी निघून जायला उतार इतकं करता येतं. ताडपत्री पुरत नाही, तिच्याखाली जमिनीवरून पाणी येतंच.

नमुना घेताना गाडीच्या वरून चार मोठे तुकडे उचलू नका. चुरा आणि ओल तळाशी असते. गाडी उतरताना वर, मध्ये, खाली अशा अनेक ठिकाणांहून घ्या, एकत्र करा, फोडा आणि चार भाग करत कमी करा.

धातू थंड आला की ब्लोअरची हवा वाढवणं

थोडा वेळ बरं वाटतं, मग जास्तीची हवा लोखंडच जाळू लागते. सिलिकॉन आणि मँगनीज घटतात, स्लॅग काळा पडतो. चांगल्या हीटचा (एका वितळणीचा) स्लॅग बाटलीच्या काचेसारखा हिरवट असतो, तो काळा दिसला की आधी बेड, म्हणजे तळाचा कोकचा थर, तपासा. ट्वियरच्या वर बेड किती हवा याचं जुनं सूत्र अजून उपयोगी आहे: विंडबॉक्समधला (ट्वियरना हवा पुरवणाऱ्या पेटीतला) दाब दर चौरस इंचाला किती औंस ते बघा, त्याचं वर्गमूळ काढा, १०.५ ने गुणा आणि ६ मिळवा. उत्तर इंचात येतं. दाब १६ औंस असेल तर ४८ इंच. वरून साखळी सोडून प्रत्येक वेळी मोजा, अंदाजाने चालू नका. बेड पूर्ण लाल झाल्याशिवाय चार्जिंग सुरू करू नका.

जुना कुपोला बदलायचा विचार असेल तर दोन ओळी ट्वियरचा, डिव्हाइडेड ब्लास्ट कुपोला बघा. ब्रिटनमध्ये विकसित झालेलं हे तंत्र टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेने १९९० च्या दशकाच्या शेवटी हावड्याच्या लहान फाउंड्रीत उतरवून दाखवलं. त्यात कोकची बचत ठळक होते.

इंडक्शनवाल्यांची चूक: कार्बन म्हणजे कार्बन

कुपोला काढून इंडक्शन, म्हणजे विजेची भट्टी, बसवली म्हणून कोक सुटला नाही. कार्बन वाढवायला जे सीपीसी टाकता, तो भाजलेला पेट कोकच आहे. स्टील भंगारावर चालणाऱ्या एका टनाला २५ किलो सीपीसी लागलं आणि त्यात १ टक्का गंधक असलं, तर २५० ग्रॅम गंधक भट्टीत जातं, धातूच्या हिशोबाने जवळपास ०.०२५ टक्के. एसजी आयर्नच्या (गोळ्यांच्या रूपात ग्रॅफाइट असलेल्या ओतीव लोखंडाच्या) मूळ धातूत ०.०२ टक्क्यांच्या खाली राहायचं असतं. मग मॅग्नेशियम ग्रॅफाइटचे गोळे करण्याऐवजी गंधक पकडण्यात संपतं आणि आपण नोड्युलायझर (मॅग्नेशियम देणारं मिश्रण) बदलत बसतो. सीपीसीतून नायट्रोजनही येतो. तो धातूत १०० पीपीएमच्या आसपास गेला की ग्रे आयर्नमध्ये पृष्ठभागाखाली भेगांसारखी छिद्रं दिसू लागतात. एसजीसाठी आणि स्टील भंगार जास्त असेल तेव्हा ग्राफिटाइज्ड, म्हणजे ग्रॅफाइट करून घेतलेला माल घ्या.

टाकायची वेळही महत्त्वाची. स्लॅगवर शेवटी ओतलेलं सीपीसी निम्मं जळून जातं. ते भंगारासोबत खालच्या थरात जाऊ द्या, आणि फेरोसिलिकॉन नंतर टाका, कारण सिलिकॉन वाढलं की लोखंड कार्बन कमी विरघळवतं.

ब्लोअर बंद, झाकणं बंद

ही चूक जिवावर बेतते. कुपोलातल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात असतो. त्याला रंग नाही, वास नाही. वीज गेली किंवा कुठल्याही कारणाने हवा थांबली की तो वायू मागे विंडबॉक्समध्ये शिरतो आणि ब्लोअर पुन्हा सुरू करताच स्फोट होऊ शकतो. हवा थांबताक्षणी ट्वियरची झाकणं उघडायची आणि ब्लोअर सुरू करून थोडी हवा जाऊ दिल्यावरच लावायची, हे प्रत्येक पाळीतल्या प्रत्येक माणसाला माहीत हवं. चार्जिंग प्लॅटफॉर्मवर एकट्याला काम देऊ नका आणि तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. कुणी डोकं दुखतंय, गरगरतंय म्हणाला तर त्याला उन्हाचा त्रास समजून बसवून ठेवू नका. लगेच खाली मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या. तिथे डॉक्टरांना हे कुपोलाच्या वायूचं प्रकरण आहे असं स्पष्ट सांगा, म्हणजे ऑक्सिजन द्यायला उशीर होणार नाही.