मायग्रेनच्या औषधाच्या ट्रायलमध्ये (चाचणीत) भाग घ्यायचाय? आधी महिनाभर डायरी लिहा

डॉक्टर विचारतात महिन्यात किती वेळा डोकं दुखतं, आपण म्हणतो असेल चार-पाच वेळा. मी पण तेच सांगायचे. मग बहिणीने कॅलेंडरवर फुल्या मारायला लावल्या आणि महिनाअखेर मोजल्या तर ११ निघाल्या, तेव्हा कळलं की अंदाजावर काहीच ठरवता येत नाही.

अर्धशिशीच्या रिसर्चमध्ये तर सगळं या मोजणीवरच चालतं. दुखणं येऊच नये म्हणून रोज घ्यायच्या औषधाची ट्रायल असेल तर बहुतेक वेळा पहिले ४ आठवडे औषध मिळतच नाही, नुसती डायरी भरायची, आणि नंतर महिन्यातले मायग्रेनचे दिवस किती कमी झाले ते बघतात. म्हणून रोज रात्री लिहा, दुखलं नाही त्या दिवशी "नाही" लिहा. किती वाजता सुरू झालं, कधी थांबलं, एका बाजूला की दोन्ही, ठणकत होतं का, जिना चढताना वाढलं का, मळमळ, उजेड-आवाज सहन होत होता का. गोळीचं नाव आणि वेळ टाका आणि २ तासांनी पूर्ण थांबलं का तेही, कारण अटॅक आल्यावर घ्यायच्या गोळ्यांच्या ट्रायलमध्ये मुख्य प्रश्न हाच असतो. पाळी, जागरण, चतुर्थीचा उपास, उन्हात फिरणं हे पण. आठवडाभराचं रविवारी बसून आठवून भरू नका, प्लीज, त्याने आकडेच खोटे होतात.

गोळ्यांचे दिवस लपवू नका. साधी पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनच्या अटॅकवरची खास गोळी) किंवा मिक्स गोळी (एकीतच दोन-तीन औषधं असलेली) १० किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांच्या वर चाललं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पट्टी आणायची सवय, त्यामुळे हे लक्षातच येत नाही.

आता ट्रायल शोधायची कुठे, तर सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) नावाची सरकारी वेबसाइट आहे, २००९ पासून भारतातल्या ट्रायलची तिथे नोंद करावीच लागते. मायग्रेन टाकून सर्च करा, भरती चालू आहे का आणि सेंटर कुठल्या शहरात ते बघा. माझ्यासारखे नाशिकचे असाल आणि तिथे सेंटर नसेल तर मुंबई-पुण्याच्या फेऱ्या किती ते आधी विचारा, कारण मुंबईला जाणारी सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायला झोपमोड केली की माझं तर इगतपुरीच्या आत डोकं उठतं. प्रवासखर्च देणार का तेही विचारून घ्या.

सही लगेच करू नका. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणा, वाचा. नकली गोळी (दिसायला तशीच, पण औषध नसलेली) मिळू शकते का, अटॅक आला तर नेहमीची गोळी चालेल का, प्रेग्नन्सीचा विचार असेल तर काय, हे विचाराच. नकली गोळीचा राग मानू नका, मायग्रेनमध्ये तिनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं म्हणून तुलना लागतेच. ट्रायलमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांप्रमाणे उपचार फुकट आणि भरपाईही मिळते, आणि मधूनच कधीही सोडता येतं.

एक मात्र, डोकं एकदम क्षणात फुटल्यासारखं दुखलं, ताप येऊन मान आखडली, किंवा हातपाय लुळे पडले तर डायरी बाजूला ठेवून थेट कॅज्युअल्टी गाठा.

संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा (ट्रायलमधल्या लोकांच्या हक्कांवर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा) नंबर असतो, तो घरच्यांच्याही मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.