प्रतूनाममध्ये कपडे घ्यायचेत? आधी उलटे करून बघा

परभणीत माझं शिवणकामाचं दुकान आहे, एक मशीन रस्त्याकडे आणि दोन आत. बावीस वर्षं ब्लाऊज शिवून एक खोड लागलीय: कपडा कितीही छान असो, हातात आला की मी आधी उलटा करते. 2025 च्या जानेवारीत थोरल्या जाऊबाई, त्यांची कॉलेजातली लेक आणि मी बँकॉकला, तिथल्या प्रतूनाम या कपड्यांच्या बाजारात गेलो, तेव्हा याच खोडीनं पैसे वाचवले. घरात लग्न होतं, पोरीबाळींना द्यायला कपडे हवे होते.

जायचं कसं, ते थोडक्यात. परभणी-नांदेडकडच्यांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडतं. रात्रीची रेल्वे, मग थेट विमान. 1 मे 2025 पासून थायलंडला उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका. सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंकनं राचप्रारोप स्टेशनला उतरलं की प्रतूनाम चालत जाण्यासारखं आहे. प्रतूनाम म्हणजे पाण्याचं दार. बाजूनं सेनसेप कालवा जातो, त्याच्या दारावरून हे नाव. मला आपलं जायकवाडीच आठवलं.

बाजार दोन तऱ्हेचा आहे. रस्त्याच्या एका अंगाला जुनं प्रतूनाम मार्केट, ताडपत्र्या, बोळ, उकाडा. समोर प्लॅटिनम फॅशन मॉल, एसी, दोन हजारांच्या वर छोटे छोटे गाळे. पहिल्या दिवशी सकाळी प्लॅटिनममध्येच जा. भाव कळतो, डोळा तयार होतो. मग बाहेर या. एप्रिलच्या सुट्टीत जायचं मनात असेल तर 13 ते 15 एप्रिल सोडून द्या, तेव्हा त्यांचा सोंगक्रान असतो आणि बरीच दुकानं बंद राहतात.

आता तीनचा हिशेब. बहुतेक गाळ्यांवर दोन भाव असतात, एक नग घेतला तर वेगळा, तीन किंवा जास्त घेतले तर होलसेल. 199 बाटचा टॉप तीन घेतले की 150 ला, अशा तऱ्हेनं. तेव्हा एक बाट साधारण अडीच रुपयांना पडत होता. रंग वेगवेगळे चालतात, पण डिझाइन बहुधा एकच लागतं. म्हणून एकटीनं जाऊ नका. आम्ही तिघी होतो, त्यामुळे कुठंच अडलं नाही, फक्त तिघींना एकच टॉप पसंत पडायला अर्धा तास लागायचा. आणि स्वस्त पडतंय म्हणून नको असलेला तिसरा नग घेऊ नका. जाऊबाईंनी घेतलाय. अजून घडी मोडलेली नाही.

कपडा उलटा केला की काय बघायचं? पहिली माया. शिवणीच्या आत किती कापड सोडलंय ते. तिकडच्या बऱ्याच मालात माया बोटाच्या पेराएवढीही नसते, ओव्हरलॉक मारून कापड काठापाशीच संपवलेलं असतं. असा कपडा घरी आणून उसवायची सोय नाही, जसा आहे तसाच घालायचा. मग काखेची शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणा. टाके दात विचकल्यासारखे दिसले की ठेवून द्या. चेन दोनदा वरखाली करा. हातरुमालाचं टोक ओलं करून आतल्या बाजूला घासा, गडद लाल आणि निळ्याला तर हमखास. दुकानातली पोरगी बघत असेल तर हसून घासा. शेवटी कापड मुठीत धरून वीसपर्यंत मोजा. तळहाताला घाम आला तर ते बहुधा पॉलिस्टर आहे, आणि आपल्या मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, ते अंगावर कोण ठेवणार? रेयॉन किंवा सुती घ्या.

मापाचं सगळ्यात अवघड. ‘फ्री साइज’ लिहिलेलं असतं, पण ते त्यांच्या अंगाचं फ्री. अंगात घालून बघू देत नाहीत, निदान बऱ्याच ठिकाणी. घरून निघताना आपला अंगाला नीट बसणारा कुर्ता जमिनीवर सपाट पसरा, या काखेपासून त्या काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा, कागदावर लिहा. तिकडं छातीचं माप इंचातच सांगतात, त्यामुळे अडचण नाही. टेप पर्समध्येच ठेवा. मी टेप काढली की जाऊबाई म्हणायच्या, “काय करायलीस गं, दुकान उघडायलीस का इथं?” दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, “मपलं पण बघ की जरा.”

घासाघीस आपल्यासारखी चालत नाही. निम्म्यावरून सुरुवात केली तर पोरगी गप्प बसते आणि मोबाइल बघायला लागते. ‘लोत दाय माय खा?’ म्हणजे ‘कमी होईल का?’ (पुरुषांनी ‘खा’ऐवजी ‘खाप’ म्हणावं), एवढं विचारा आणि कॅल्क्युलेटर तिच्या हातात द्या. दहा-वीस बाट सुटले तर सुटले. सकाळी लवकर गेलात तर एक गंमत दिसेल: पहिलं गिऱ्हाईक झालं की ती नोटा टांगलेल्या कपड्यांवरून टपटप फिरवते. भवानीच ती! मी आपोआप हात जोडले, तीही हसली, दहा बाट कमी झाले.

माझी फजिती मात्र ऐका. एका गाळ्यात सहा पँटचे पैसे दिले, “पिशवी राहू द्या, येते” म्हणून पुढं गेले आणि गाळाच सापडेना. सगळे एकसारखे! पाऊण तास मजले चढले-उतरले. शेवटी पिशवी मिळाली, आणि घरी येऊन बघते तर त्यातल्या दोन पँटचं इलास्टिक तिसऱ्या धुण्यात सैल. गडबडीत तेवढंच ताणून बघायचं राहिलं होतं. तेव्हापासून पैसे देताच गाळ्याच्या नंबराचा फोटो काढते. बदलून देणं जवळपास नसतंच, म्हणून प्रत्येक नग तिथंच उघडून बघा. रोख लागते, कार्ड मोजक्या ठिकाणी.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसानं जपून. भाजीतही मासळीचा सॉस असतो. प्रतूनामच्या आसपास भारतीय हॉटेलं आहेत, पण महाग. आमचे दोन दिवस धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीवर निघाले.

परतीच्या आदल्या रात्री ताणकाट्यावर बॅग टांगून बघा, तिकिटावर जेवढे किलो लिहिलेत त्यापेक्षा दोन कमीच भरा. आणि हे महत्त्वाचं: बॅगेतून आणायची सवलत घरच्या वापराच्या आणि भेटीच्या वस्तूंना आहे. एकाच डिझाइनचे चाळीस टॉप दिसले की कस्टमवाले विचारणारच. दुकानात विकायला माल हवा असेल तर आयईसी नंबर (आयात-निर्यात करणाऱ्यांना सरकार देतं तो) काढा, पक्कं बिल घ्या आणि माल कार्गोनं पाठवा. बिलं हँडबॅगेत ठेवा. जाऊबाईंनी ती मोठ्या बॅगेत, धपाट्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवली होती.