घाट असलेल्या पहिल्या सायकल शर्यतीची तयारी कशी करावी

हौशी सायकलस्वारांच्या गटात एखाद्याने पहिल्या शर्यतीसाठी नाव नोंदवले की त्याच दिवसापासून चर्चा सुरू होते ती कार्बन फ्रेमची, खोल रिमच्या चाकांची आणि सायकलचे वजन आणखी किती ग्रॅमने उतरवता येईल याची. मागच्या कॅसेटमधली, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचातली, सर्वांत मोठी चकती किती दातांची आहे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक शर्यतींत कुठे ना कुठे घाट लागतो आणि नवख्या स्वाराची शर्यत तिथेच ठरते, त्यामुळे खरे तर तोच प्रश्न पहिला असायला हवा. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटाचा माथा सर्वांत आधी गाठणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब दिला जातो, यावरूनही चढाचे महत्त्व लक्षात यावे. साधारण ८० ते १०० किलोमीटरची आणि एक मोठा घाट असलेली शर्यत डोळ्यांसमोर ठेवून पुढील माहिती दिली आहे. तयारीसाठी किमान आठ आठवडे हाताशी असावेत आणि सलग दोन तास सायकल चालवण्याची सवय आधीपासून असावी, हे गृहीत धरले आहे.

मार्ग आणि नियम आधी समजून घ्यावेत

आयोजकांचे माहितीपत्रक पूर्ण वाचावे. आपला गट कोणता (वयाचा की सायकलच्या प्रकाराचा), वेळेची मर्यादा किती, पाण्याची सोय कोठे आहे आणि रस्ता वाहतुकीसाठी बंद असणार की चालू, या चार गोष्टी आधीच कळल्या पाहिजेत. हायब्रिड किंवा एमटीबीसाठी (माउंटन बाइकसाठी) स्वतंत्र गट असेल तर केवळ शर्यतीसाठी नवी रोडबाइक घेण्याची घाई करू नये. ट्रायथलॉनच्या सायकलींना असतात तसे पुढे आलेले एअरो बार सामूहिक सुरुवातीच्या शर्यतीत चालत नाहीत, कारण कोपरे टेकवून बसलेल्या स्वाराचे हात ब्रेकपासून दूर असतात.

येथे एक गफलत नेहमी होते. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पूर्ण करण्याची सायकल राइड, ही शर्यत नव्हे. २०० किलोमीटरच्या बीआरएमला १३ तास ३० मिनिटे मिळतात, त्या वेळेत पोहोचलेले सगळे सारखेच यशस्वी मानले जातात आणि क्रमांक काढला जात नाही. ज्याने दोन-तीन बीआरएम केल्या आहेत त्याच्याकडे दमसास असतो, परंतु घोळक्यात चालवण्याची आणि अचानक वेग वाढवण्याची सवय त्याला वेगळी लावून घ्यावी लागते.

मार्गातला घाट शर्यतीच्या आधी एकदा तरी स्वतः चढून पाहावा. मुंबई-पुण्याच्या बाबतीत हे जुन्या महामार्गाने करावे, कारण द्रुतगती मार्गावर सायकलला परवानगी नाही. खोपोली सोडल्यावर शिंग्रोबाच्या देवळाच्या बाजूने रस्ता वर चढतो आणि खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची गाठावी लागते. कोठे श्वास लागतो, कोठे थोडी उसंत मिळते आणि कोणत्या वळणावर रस्ता उखडला आहे, हे नकाशावरून समजत नाही.

गिअरचे गणित

चढावर सामान्य हौशी स्वाराचा वेग ताशी ९ किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे मिनिटाला १५० मीटर. ७०० बाय २५ मापाच्या टायरचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. पुढच्या चकतीच्या दातांना मागच्या दातांनी भागून येणाऱ्या आकड्याला या परिघाने गुणले की पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते कळते. आता दोन सायकली घेऊ. एकीला पुढे ५२ आणि ३६ दातांच्या चकत्या आणि मागे ११ ते २५ दातांची कॅसेट आहे. सर्वांत हलक्या गिअरमध्ये ती एका फेरीत जवळजवळ ३ मीटर जाते, म्हणून ताशी ९ किलोमीटरला स्वाराला मिनिटाला फक्त ५० फेऱ्या मारता येतात. प्रत्येक फेरी ही जिन्याची उंच पायरी चढल्यासारखी पडते आणि गुडघे अर्ध्या घाटातच बोलू लागतात. दुसऱ्या सायकलला पुढे ५० आणि ३४, तर मागे ११ ते ३२ आहे. तिची एक फेरी सुमारे २.२३ मीटरची होते आणि त्याच वेगाला ६७ फेऱ्या पडतात. मागे ३४ दात असतील तर हा आकडा ७१ वर जातो. सपाटीवर ८० ते ९० फेऱ्यांची सवय असलेल्या पायांना ७० चालतात, ५० चालत नाहीत.

म्हणून सायकलवर पैसे खर्च करायचेच असतील तर ते आधी जास्त दातांच्या कॅसेटवर करावेत. मात्र ती घेण्यापूर्वी आपला मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) किती दातांपर्यंत झेपतो हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे. काही रोडबाइकचे डिरेलर २८ किंवा ३० दातांपलीकडे जात नाहीत. मोठ्या कॅसेटबरोबर चेनची लांबीही वाढवावी लागू शकते. लांबी अपुरी असताना पुढची मोठी चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती एकाच वेळी लावल्या गेल्या तर डिरेलर ओढला जाऊन मोडतो.

चेन आणि कॅसेट यांची झीज एकत्र पाहावी, हे मी स्वतः ठेच लागून शिकलो. पहिल्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी हौसेने नवी चेन घातली आणि दोन पावसाळे खाल्लेली जुनी कॅसेट तशीच ठेवली. अंगणात फिरवून पाहिली तेव्हा सगळे सुरळीत होते. दुसऱ्या दिवशी चढावर सीटवरून उठून जोर लावताच चेन झिजलेल्या दातांवरून कडाडून उडाली, पाय रिकामा खाली गेला आणि नडगी पायडलवर आपटली. दर दहा-बारा फेऱ्यांनी हेच होत राहिल्याने उरलेला घाट बसूनच, जपून जपून चढावा लागला. झीज मोजायला साधी इंचपट्टी पुरते. पट्टीचा शून्य चेनच्या एका पिनेच्या मध्यावर ठेवावा. नव्या चेनमध्ये १२ इंचांची खूण बरोबर दुसऱ्या एका पिनेच्या मध्यावर येते. ती पीन खुणेपुढे एक-सोळांश इंच सरकलेली दिसली तर चेन बदलण्याची वेळ झाली आहे. त्याहून बराच उशीर झाला असेल तर कॅसेटही बदलावी आणि दोन्ही शर्यतीच्या किमान दोन आठवडे आधी घालून त्यांवर घाट चढून घ्यावा.

वजनाविषयी थोडक्यात. ७० किलोचा स्वार आणि ९ किलोची सायकल असे ७९ किलो धरले, तर एक किलो कमी केल्याने ५० मिनिटांच्या चढात फार तर अर्धे-पाऊण मिनिट वाचते. क्रमांकासाठी लढणाऱ्याला ते मोलाचे असेल. पहिल्या शर्यतीत तेवढा वेळ पाण्याची बाटली भरताना जातो.

बसण्याचे माप, टायर आणि हवा

सीटची उंची चुकली असेल तर महाग सायकलही दुखणेच देते. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहावे, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक घट्ट वर दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. या अंतराला ०.८८३ ने गुणले की क्रँक (पायडलच्या दांड्या) ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मिळते. ८० सेंटिमीटर माप असेल तर ती ७०.६ सेंटिमीटर येते. हा आरंभबिंदू समजावा. पायडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि मागून पाहणाऱ्याला कंबर डावी-उजवीकडे डुलताना दिसता कामा नये. पुढे गुडघा दुखला तर बहुधा सीट खाली आहे, मागे दुखला तर वर आहे. बदल एका वेळी चार-पाच मिलिमीटरचाच करावा.

आपल्या रस्त्यांवर २३ मिलिमीटरचे टायर वापरण्यात मला शहाणपण दिसत नाही. फ्रेममध्ये जागा असेल तर २८ घ्यावेत, नसेल तर २५. सत्तर किलोच्या स्वाराने २५ च्या टायरमध्ये साधारण ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) आणि २८ च्या टायरमध्ये ७० पीएसआयच्या आसपास हवा भरून पाहावी, पुढच्या चाकात पाच पीएसआय कमी ठेवावी आणि टायरवर व रिमवर छापलेली मर्यादा कधीही ओलांडू नये. दगडासारखे कडक टायर वेगवान असतात हा समज खडबडीत डांबरावर खोटा ठरतो, कारण उसळण्यात शक्ती वाया जाते.

रोडबाइकच्या ट्यूबला सहसा बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असतो आणि पंक्चरवाल्याच्या किंवा पेट्रोल पंपावरच्या नळीने त्यात हवा भरता येत नाही. त्यासाठी पितळेचा एक छोटा अडॅप्टर मिळतो; तो वॉल्व्हवरच बसवून ठेवावा. सीटखालच्या पिशवीत एक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि ॲलन कीचा संच असावा, आणि पंप फ्रेमला लावावा. ट्यूब बदलण्याचा सराव घरी घड्याळ लावून चार-पाच वेळा करावा. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवणे विसरू नये, नाही तर तीच काच किंवा तार दुसरी ट्यूबही फोडते.

शर्यतीच्या दहा दिवस आधी सायकलचे ऑइलपाणी करून घ्यावे, चाकांचे आउट काढून घ्यावे, ब्रेकचे रबर तपासावेत आणि गिअरच्या केबल जुन्या असतील तर बदलून घ्याव्यात. हेल्मेट कधी आपटले असेल तर ते वरून धड दिसत असले तरी नवे घ्यावे.

आठ आठवड्यांचा सराव

आठवड्यातून चार दिवस पुरतात. रविवारी लांब पल्ला ठेवावा आणि तो दर आठवड्याला साधारण एक-दशांशाने वाढवत शर्यतीच्या अंतराच्या जवळ न्यावा. हा पल्ला शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने करायचा असतो, आणि हेच पाळणे बहुतेकांना सर्वांत अवघड जाते. मधल्या एका दिवशी घाट चढावा. पुणेकरांना बोपदेव घाट किंवा सिंहगडाचा रस्ता, सातारकरांना यवतेश्वर, कोल्हापूरकरांना पन्हाळा जवळ आहे. सपाट भागात राहणाऱ्यांनी उड्डाणपूल किंवा समोरून येणारा वारा वापरावा. आठ-आठ मिनिटे जोराने आणि मध्ये चार मिनिटे हलके, असे चार वेळा केले की पुरे. उरलेले दोन दिवस तासभर हलके चालवावे. दर चौथा आठवडा आणि शर्यतीचा आठवडा निम्म्या अंतराचा ठेवावा.

पुढच्या स्वाराच्या मागे राहिल्याने सपाटीवर पाव ते एक-तृतीयांश श्रम वाचतात, म्हणून घोळक्यात चालवायला शिकणे हाही सरावाचाच भाग आहे. रविवारच्या गटात विश्वासू जोडीदाराच्या मागे आधी दोन मीटर आणि मग हळूहळू एक मीटरपर्यंत यावे. नजर त्याच्या चाकावर न खिळवता त्याच्या खांद्यावरून पुढे ठेवावी. आपले पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही घुसवू नये. त्याने खड्डा चुकवला तर त्याला काही होत नाही, आपण मात्र आडवे होतो. खड्डा, गतिरोधक किंवा खडी दिसली तर हाताने दाखवून ओरडून सांगावे. क्लीट (बूट पायडलमध्ये अडकवणारी तळाची खाच) असलेले बूट नवे असतील तर मैदानावरच्या गवतात पाय सोडवण्याचा सराव करावा, कारण पहिली पडझड नेहमी सिग्नलला उभे राहताना आणि पाहणारे भरपूर असताना होते.

शर्यतीचा दिवस

सुरुवातीच्या सुमारे तीन तास आधी उठून पोहे किंवा उपमा असे सवयीचे खावे. साबुदाणा वडा, मिसळ वगैरे शर्यत संपल्यावर. सायकलवर पहिल्या अर्ध्या तासापासूनच थोडे थोडे खायला लागावे आणि तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहावे. एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, चिक्की यांतले काय सोसते ते सरावातच ठरवावे. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, आणि एका बाटलीत मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा ओआरएस असावे. भूक लागल्यावर खाल्ले तर उशीर झालेला असतो.

सुरुवातीला घोळक्याच्या मध्यावर उभे राहावे. शिट्टी वाजली की सगळे सुसाट सुटतात आणि पहिली दहा मिनिटे आपणही त्यांच्याबरोबर उधळलो तर त्याची वसुली घाटात होते. चढ दिसू लागताच, पायांवर जोर येण्याआधीच, पुढची लहान चकती घालावी. ताण आल्यावर गिअर टाकला की चेन उतरते. पहिला एक-तृतीयांश घाट मुद्दाम हात राखून चढावा, हात हँडलच्या वरच्या सपाट भागावर ठेवावेत आणि सर्वांत हलका गिअर लवकर लागला तरी संकोच करू नये.

उतारावर वेळ कमावण्याचा मोह नवख्याने टाळावा. हात हँडलच्या खालच्या वळणात घ्यावेत, वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करावा, वळताना बाहेरच्या बाजूचा पाय तळाला ठेवून त्यावर भार द्यावा आणि नजर वळण संपते तिथे लावावी. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास रिम तापते, म्हणून दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. घाटातले रंबलर आणि मध्यरेषेवरचे उंच रिफ्लेक्टर चाकाला फसवतात. रस्ता ओला असेल तर पांढऱ्या पट्ट्यांवर आणि ट्रकच्या सांडलेल्या डिझेलवर ब्रेक लावणे म्हणजे पडणेच.

घरी आल्यावर झोपण्याआधी चेन कोरड्या फडक्याने पुसावी, टायर हाताने फिरवून त्यात रुतलेल्या काचा सुईने काढाव्यात आणि घाटातला शेवटचा किलोमीटर कोणत्या गिअरमध्ये चढलो ते वहीत लिहून ठेवावे.