दुर्मीळ पाणपक्षी दिसला? कळवण्याआधी या चुका टाळा

डिसेंबर लागला की नागपूरच्या पक्षिमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दर रविवारी फोटोंचा पाऊस पडतो. पट्टकादंब (बार-हेडेड गूज, डोक्यावर पट्टे असलेला हंस), चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, आणि मधूनच एखादा खरोखर दुर्मीळ पाहुणा. माणसं पहाटे उठून तलावावर जातात याचा मला मनापासून आनंद आहे. पण दरवर्षी त्याच त्या चुका होतात आणि त्या पक्ष्याला भोवतात. म्हणून यंदा हंगामाच्या तोंडावरच लिहितोय.

फोटोआधी पिन

सगळ्यात वाईट सवय ही. पक्षी दिसला की पाच मिनिटांत फोटो आणि त्याखाली गूगल मॅपची पिन. ग्रुपात शेकडो माणसं, त्यातली निम्मी कोण आहेत हे ॲडमिनलाही सांगता येत नाही. तिथून तो मेसेज आणखी कुठे कुठे जातो याचा तर पत्ताच नाही.

उमरेडच्या बाजूला एक तलाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे एका हिवाळ्यात पट्टकादंबांच्या थव्यात एक वेगळाच हंस दिसला. शनिवारी कोणीतरी पिन टाकली. रविवारी सकाळी मी पोचलो, तर पाळीवर गाड्यांची रांग. पाणी ओसरलेल्या गाळात गावकऱ्यांनी हरभरा पेरलेला, आणि कॅमेरेवाले त्या कोवळ्या रोपांवरून सरळ पाण्याकडे निघालेले. एक जण तर उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवत होता. थवा उठला, दोन गिरक्या घेऊन बसला, की परत उठवला. असं चार-पाच वेळा झालं. मग तो उंच चढला आणि गेला. मी अंधार पडेपर्यंत थांबलो, पण परत आला नाही. जाळं गुंडाळत बसलेले एक ढीवरकाका म्हणाले, "पाखरं तं आमच्या डोंग्याले भेत नाही भाऊ. तुमी लोकं आले अन् उडाले."

ते खरंच आहे. डोंगा रोजच्या वाटेने, रोजच्या वेगाने जातो, त्याची पक्ष्यांना सवय असते. रोखून चालत येणाऱ्या माणसाची नसते. पट्टकादंब बहुतेक रात्री शेतात चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात. आपण जातो ती त्यांची झोपेची वेळ. शिवाय हिवाळा सरला की त्यांना हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडे परतायचं असतं, त्यासाठी लागणारी चरबी ते इथेच साठवतात. प्रत्येक उड्डाणाने त्यातली थोडी खर्च होते. थव्यातल्या माना एकदम ताठ झाल्या की तुम्ही जास्त जवळ गेलात. तिथेच थांबा, मागे सरका.

माझी पद्धत ठरलेली आहे. ग्रुपवर पक्ष्याचं नाव, तारीख आणि तालुका, बस. नेमकी जागा फक्त ज्यांच्यासोबत तलावावर उभा राहिलोय अशा माणसांना, तीही फोनवर. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर, यादी पूर्ण भरतो, जागा अचूक देतो, पण ती यादी लपवून ठेवतो आणि पक्षी गेल्यावर खुली करतो. नोंद चार आठवडे उशिरा दिसली म्हणून तिची किंमत कमी होत नाही. "बाकीच्यांना बघायला मिळायला नको का?" असं विचारणारे भेटतात. मिळायला हवं, नक्कीच. त्यासाठी आधी तो पक्षी तिथे टिकायला हवा.

फोटोही जागा सांगतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मागे कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी दिसली की जाणकाराला तलाव ओळखायला वेळ लागत नाही. पाण्याची टाकी, देवळाचा कळस, टॉवरलाइनही तेच करतात, म्हणून फोटो कापूनच टाका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातली जीपीएसची माहिती निघून जाते. क्वालिटीसाठी तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर ती तशीच सोबत जाते.

घाईत ठेवलेलं नाव

त्याच हंसाची दुसरी गोष्ट. तो "व्हाइट-फ्रंटेड गूज" म्हणून फिरला. हा हंस भारतात फार क्वचित येतो, म्हणून तर एवढी झुंबड उडाली. पुरावा काय, तर चोचीच्या बुडाशी पांढरी रेघ आणि नारिंगी पाय. फोटो सूर्य उगवता उगवताचा होता. त्या उजेडात सगळंच नारिंगी दिसतं, गुलाबी पायसुद्धा. मी दहाच्या सुमारास दुर्बिणीतून पाहिला तेव्हा पाय स्वच्छ गुलाबी होते, पोटावर काळे आडवे पट्टे नव्हते, आणि थवा उठला तेव्हा पंखांचा पुढचा भाग फिकट राखाडी चमकला. तो कलहंस होता, म्हणजे ग्रेलॅग. काही कलहंसांच्या चोचीच्या बुडाशी बारीक पांढरी कड असते. उलट व्हाइट-फ्रंटेडच्या पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांना ना कपाळावर पांढरं असतं, ना पोटावर पट्टे. म्हणजे एका खुणेवर दोन्हीकडून फसायला होतं.

कलहंसही आपल्याकडे हमखास दिसणारा नाही, आनंद मानायला तेवढा पुरेसा होता. पण नव्या पक्षिमित्रांना पहिल्याच हिवाळ्यात "विदर्भातली पहिली नोंद" हवी असते, त्यामुळे डोळ्यांना हवं तेच दिसतं. ॲपने फोटोवरून सुचवलेलं नाव हा अंदाज असतो, निकाल नव्हे. मी आधी वहीत लिहितो: पायांचा रंग, चोच, पोट, उडताना पंख, सोबतच्या पक्ष्याच्या तुलनेत आकार. पुस्तक त्यानंतर उघडतो. सकाळी पूर्वेच्या काठावर उभा राहतो म्हणजे ऊन पाठीमागून येतं. अकराच्या पुढे पाण्यावरची हवा थरथरायला लागली की लांबच्या पक्ष्याच्या रंगावर विश्वास ठेवत नाही. आणि नाव जाहीर करण्याआधी एका अनुभवी माणसाला एकट्याने विचारतो.

ईबर्डच्या समीक्षकाने पुरावा मागितला की काही जण रुसतात. अहो, ते स्वयंसेवक आहेत, त्यांनी तुम्हाला खोटं ठरवलेलं नाही. "शंभर टक्के तोच होता" हे उत्तर त्यांच्या उपयोगाचं नाही. त्याच्यासारखा दिसणारा दुसरा पक्षी का नव्हे, ते दोन ओळींत लिहा.

बाकीच्या

ड्रोन तलावावर आणूच नका, यावर मला चर्चा करायची नाही. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढू नका.

जुना फोटो तारखेशिवाय टाकू नका. माणसं पेट्रोल जाळून मोकळ्या पाण्याकडे बघून येतात.

"भरपूर" हा आकडा नव्हे. दहा मोजा, तेवढी जागा नजरेत धरा आणि थव्यावर किती वेळा बसते ते पाहा. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत अशाच आकड्यांवरून वर्षावर्षांची तुलना होते.

पट्टकादंबाच्या गळ्यात रंगीत कॉलर दिसली तर फोटो सुंदर दिसावा म्हणून ती पुसू नका, असे फोटो मी पाहिलेत. मंगोलियात शास्त्रज्ञ या कॉलर घालतात. कॉलरचा रंग, अक्षरांचा रंग आणि पूर्ण कोड लिहून घ्या. एखादं अक्षर वाचता आलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह द्या, अंदाजाने भरू नका.

आणि गेलात पण पक्षी दिसला नाही, तर तेही कळवा. तारीख, किती वाजता पोचलात, किती वेळ थांबलात, पाणी किती उतरलं होतं. पक्षी नेमका कधी गेला हे अशा नोंदींवरूनच कळतं, आणि त्याच कोणी लिहीत नाही.