काउंटीकडून गौरवपत्र कसं मिळवायचं, गाऱ्हाणं कसं मांडायचं

अमेरिकेत काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) चालवणाऱ्या बोर्डाच्या बैठकीची सुरुवात बऱ्याच ठिकाणी प्रोक्लमेशन म्हणजे गौरवपत्र, टाळ्या आणि फोटोंनी होते. गौरव झालेली मंडळी निघून गेली की उरलेल्या खुर्च्यांसमोर रहिवासी तुंबलेली गटारं आणि बंद पडलेल्या सिग्नलबद्दल बोलतात. दोन्ही कामं एकाच सभागृहात होत असली, तरी गौरवपत्राची वाट बोर्डाच्या सदस्याच्या कार्यालयातून जाते आणि तक्रारीची खात्यातून. ही गल्लत झाली की दोन्ही अडतात.

आधी बोर्डाचं नाव नीट शोधा. कॅलिफोर्नियात ते बोर्ड ऑफ सुपरवायझर्स. टेक्ससमध्ये कमिशनर्स कोर्ट. नावात कोर्ट असलं तरी तिथे बजेट आणि रस्ते ठरतात. न्यू जर्सीत जुनं ‘फ्रीहोल्डर’ हे नाव जाऊन २०२१ पासून काउंटी कमिशनर आलं. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये काउंटी सरकारच नाही. तिथे थेट टाउन किंवा सिटी हॉल गाठायचा.

गौरवपत्रासाठी आपल्या डिस्ट्रिक्टच्या (मतदारसंघाच्या) सदस्याच्या एडला, म्हणजे कार्यालयातल्या सहायकाला, ईमेल करा, तोही कार्यक्रमाच्या सहा ते आठ आठवडे आधी. सोबत एका पानाचा मसुदा जोडा, कारण कोरी विनंती मागे पडते. चार-पाच ‘व्हेअरअ‍ॅज’ (‘ज्याअर्थी’ने सुरू होणारी कलमं) पुरतात, पण प्रत्येकात पडताळता येईल अशी एक गोष्ट हवी. ‘मंडळाने समाजाची अविरत सेवा केली’ हे कुणाबद्दलही लिहिता येतं. ‘मंडळाचे स्वयंसेवक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी काउंटीच्या फूड बँकेत धान्याच्या पिशव्या भरतात’ हे फक्त तुमच्याबद्दल. नावांचे उच्चार वेगळ्या ओळीत फोडून द्या. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग ‘डी-एन-वाय’ने सुरू होतं, अध्यक्ष ते मोठ्याने वाचतात तेव्हा काय होतं, ते सांगायला नको. मसुद्यात धंद्याची जाहिरात किंवा उमेदवाराचं नाव आलं, तर तो परत येण्याची शक्यता मोठी. पत्र बैठकीत वाचणार की पोस्टाने येणार, हे आधीच विचारून घ्या.

प्रोक्लमेशन मानाचं असतं, त्याला कायद्याचं बळ नसतं. त्यातून निधी मिळत नाही की रस्ता बंद करण्याची परवानगीही नाही. ते स्वीकारताना दोन वाक्यांत आभार माना आणि बसा. तिथेच पार्किंगची तक्रार काढणं म्हणजे एडने महिनाभर केलेल्या कामावर पाणी.

तक्रारीत सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो चुकीचं दार ठोठावल्याने. पोस्टाच्या पत्त्यात शहराचं नाव आहे म्हणून घर शहराच्या हद्दीत असेलच असं नाही. काउंटीच्या असेसरच्या (मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नकाशात आपलं पार्सल, म्हणजे जमिनीचा तुकडा, शोधलं की घर शहरात आहे की अनइन्कॉर्पोरेटेड (कुठल्याही शहराच्या हद्दीबाहेरच्या) भागात, ते कळतं. व्हर्जिनियात बहुतेक काउंट्यांतले रस्ते राज्याचं परिवहन खातं सांभाळतं. आर्लिंग्टन आणि हेन्रिको हे अपवाद. त्यामुळे फेअरफॅक्समधल्या खड्ड्यासाठी काउंटी बोर्डापुढे कितीही तळमळीने बोललात, तरी डांबर राज्याकडूनच येणार. शाळांच्या प्रश्नासाठी बहुतेक ठिकाणी वेगळं स्कूल बोर्ड असतं. सोसायटीतला रस्ता खासगी असेल तर एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना.

खातं सापडलं की त्याच्याकडे रीतसर विनंती नोंदवा. काही काउंट्यांत, उदाहरणार्थ मेरीलँडच्या मोंटगोमेरीत, त्यासाठी ३११ हा फोन क्रमांक आहे. फोटो, जवळचा चौक, दिवस आणि वेळ द्या, आणि एका नोंदीत एकच प्रश्न ठेवा. तीन एकत्र घातले की सोपा सुटतो आणि नोंद बंद होते. मिळालेला क्रमांक जपून ठेवा. खात्याने सांगितलेली मुदत उलटली, की तो क्रमांक घालून एडला लिहा.

तरीही हालचाल नसेल तर पब्लिक कॉमेंट, म्हणजे बैठकीत रहिवाशांनी बोलायची वेळ. बोलायची संधी आणि वेळ राज्याच्या कायद्यावर आणि बोर्डाच्या नियमांवर ठरते. साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात, गर्दी असली की एकच मिनिट. इंग्रजीत सावकाश वाचलं तर मिनिटाला सुमारे १३० शब्द होतात. म्हणून दोन मिनिटांसाठी २०० शब्द लिहा आणि एका मिनिटाचा मसुदाही खिशात ठेवा. क्रम असा: नाव आणि वस्ती, प्रश्न, नोंद क्रमांक, नेमकी मागणी. ‘काहीतरी करा’ ही मागणी नव्हे; ‘या चौकाचा ट्रॅफिक स्टडी करायला खात्याला सांगा’ ही मागणी. घराचा पूर्ण पत्ता उच्चारू नका, व्हिडिओ कायम राहतो.

बोर्ड गप्प बसलं तर अपमान समजू नका. कॅलिफोर्नियात ब्राउन कायद्यानुसार (खुल्या बैठकांचा कायदा) नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, आणि त्यात नसलेल्या विषयावर बोर्डाला सहसा निर्णय घेता येत नाही. फार तर ते काम कर्मचाऱ्यांकडे सोपवतात. त्याच कायद्यात दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला, एकाच वेळी भाषांतर करणारी यंत्रणा नसेल तर, किमान दुप्पट वेळ आहे. घरातल्या आजी-आजोबांना मराठीतून बोलायचं असेल तर बोर्डाच्या क्लार्कला आधी कळवा.

झोनिंगचं, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल याचं, प्रकरण निराळं. त्याची वेगळी पब्लिक हिअरिंग (जाहीर सुनावणी) असते. म्हणणं तिथेच मांडायचं आणि लेखी निवेदन मुदतीत द्यायचं, नाहीतर ते निर्णयाच्या नोंदीत येत नाही. पंधराजणांनी तेच बोलण्यापेक्षा तिघांनी वाहतूक, पाणी, आवाज असे मुद्दे वाटून घ्यावेत आणि बाकीच्यांनी नुसतं उभं राहावं.

बैठकीनंतर दोन दिवसांत एडला तीन ओळींचा ईमेल करा: कोणत्या बैठकीत बोललात, नोंद क्रमांक, आणि काम कोणत्या खात्याकडे, कुठल्या तारखेपर्यंत सोपवलंय हा प्रश्न.