जुन्या मराठी पुस्तकावर साल नसेल तर ते कधीचं हे कसं ओळखायचं

रद्दीत, फूटपाथवर नाहीतर आजोबांच्या ट्रंकेत एखादं जुनं पुस्तक हाती लागतं आणि नेमकं साल छापलेलं पान गायब असतं. विकणारा तर सांगतोच की "शंभर वर्षं जुनं आहे साहेब", पण नुसत्या पिवळ्या कागदावर जाऊ नका, हलका कागद पंधरावीस वर्षांतसुद्धा पिवळा पडून कुरकुरीत होतो.

आधी किंमत बघा. आणे असतील तर पुस्तक बहुतेक १९५७ च्या आधीचं, कारण त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी आली. 'नवे पैसे' लिहिलं असेल तर तुमचं नशीब जोरावर, कारण नाण्यांवर 'नवा' हा शब्द १९६४ पर्यंतच होता, म्हणजे सातआठ वर्षांतच काम आटोपलं. कधीकधी 'किंमत १॥ रु.' असं काहीतरी दिसतं आणि लोकांना वाटतं छपाईत गडबड झालीय, पण ते दोन दंड म्हणजे आठ आणे, म्हणजे दीड रुपया. एक दंड असेल तर सव्वा, तीन असतील तर पावणेदोन.

मग प्रस्तावनेचं शेवटचं पान उघडा, तिथे खाली डावीकडे तिथी असते आणि लोक नेमकी तीच वाचत नाहीत. 'गुढीपाडवा, शके १८६३' असेल तर ७८ मिळवा, १९४१ आलं. पण 'मकरसंक्रांत, शके १८६३' असेल तर ७९ मिळवायचे, म्हणजे १९४२, कारण जानेवारी लागला तरी शक पाडव्यापर्यंत तोच चालतो.

आता मजकूर वाचा, आणि मला विचाराल तर खरी गंमत इथेच आहे. 'नाहीं', 'कांहीं', 'शाळेंत', 'जेव्हां' असे अनुस्वार जागोजागी असतील तर ते जुनं शुद्धलेखन, १९६२ च्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. अर्थात काही लेखक हट्टाने नंतरही तसंच लिहित राहिले, आणि जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतही ते तसेच राहू शकतात, त्यामुळे एवढ्यावरच शिक्कामोर्तब करू नका. 'अेक', 'अितर', 'अुपयोग' असं छापलेलं दिसलं तर तो प्रूफरीडरचा दोष नाही, ती सावरकरांच्या लिपिसुधारणेची अ-ची बाराखडी, 'किर्लोस्कर' मासिकातही ती वापरात होती.

प्रकाशकाचा पत्ताही बोलतो. 'पुणे २', 'मुंबई ४' एवढंच असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचं, त्या वर्षी १५ ऑगस्टला सहा आकडी पिनकोड सुरू झाला. पण सवयीने जुना नंबर छापणारे पुढेही होतेच.

पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवून बघा. अक्षरांचा उठाव लागला तर खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून केलेली छपाई, अगदी सपाट असेल तर बहुतेक ऑफसेट, म्हणजे अक्षरं कागदात न दाबता केलेली छपाई. यावरून साल कळत नाही, पण जुन्या पुस्तकाचं हुबेहूब पुनर्मुद्रण कुणी मूळ प्रत म्हणून गळ्यात मारत असेल तर लगेच पकडता येतं.

कव्हरवर विश्वास कमी ठेवा, लायब्ररीवाले सरसकट नवीन बाइंडिंग करून घ्यायचे. त्यापेक्षा आत कुणी 'चि. अमुकला वाढदिवसाची भेट' असं तारखेसकट लिहिलंय का, वाचनालयाचा शिक्का आहे का ते शोधा. पुस्तक त्या तारखेच्या आधीचं, एवढं तरी नक्की होतं. पेन्सिलीचं लिखाण खोडू नका प्लीज, भले ते किराणाचा हिशोब असला तरी.

एवढं करून अंदाज बांधलात की एखाद्या मोठ्या ग्रंथालयात जाऊन शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची मागा. १८०० ते १९५० मधली पुस्तकं त्यात नोंदवलेली आहेत. लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव माहीत असेल तर थेट साल मिळून जाईल, आणि मग ते साल मऊ पेन्सिलीने मागच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवा, बॉलपेनने अजिबात नाही.