जुना अमेरिकन पेपर वाचायचा तर आठ दिवस वाचा

आमच्या बजाजनगरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी बसतात. रविवारी मी त्यांच्याकडून शंभर वर्षांपूर्वीचे अमेरिकन पेपर वाचून घेते. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा संग्रह फुकट आहे. नवीन पोरगं आलं की लगेच शोधाच्या चौकटीत शब्द टाकतं आणि निकालांचा ढीग पाहून गांगरतं. म्हणून मी शब्द देत नाही, तारीख देते: १८ ऑगस्ट १९२०.

त्या दिवशी टेनेसीच्या विधिमंडळात स्त्रियांच्या मताधिकाराच्या घटनादुरुस्तीवर मतदान झालं. दुरुस्ती लागू व्हायला मंजुरी देणारं ३६वं राज्य हवं होतं. हॅरी बर्न हा २४ वर्षांचा आमदार कोटाला विरोधकांचं लाल गुलाब लावून आला होता. ठराव बाजूला ठेवण्याच्या मतदानात तो विरोधकांसोबतच राहिला; ४८-४८ अशी बरोबरी झाली. मग मूळ ठरावावर मात्र तो ‘हो’ म्हणाला. खिशात आईचं पत्र होतं.

आता हा बर्न शोधा. जुनी छपाई वाचताना यंत्राला आर आणि एन शेजारी आले की एम दिसतो. म्हणून बी-यू-आर-एन सोबत बी-यू-एम टाकूनही पाहा. तरी नाही सापडला तर पान मोठं करून डोळ्यांनी वाचा. पहिल्या पानावरची बातमी बहुतेकदा अर्ध्यावर तुटते आणि आतल्या पानावर पुढे चालू राहते, तिथवर जायचंच.

संध्याकाळच्या पेपरात त्याच दिवशीची घडामोड मिळते, सकाळच्या पेपरात आदल्या दिवशीची. पण १८चा अंक मिटून उठलात तर आई हातातून निसटते. बर्ननं लाच घेतली अशी ओरड झाली, आणि १९ तारखेला त्यानं आपलं कारण सभागृहाच्या नोंदीत घातलं: आईचा सल्ला. पुढे गणसंख्या मोडायला विरोधी आमदार थेट शेजारच्या अलाबामा राज्यात निघून गेले. २६ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कोल्बींची सही झाली आणि दुरुस्ती मंजूर झाल्याचं जाहीर झालं. १८नंतरचे एवढे आठ दिवस वाचा. शक्यतो दोन पेपर घ्या. टेनेसीची राजधानी नॅशव्हिलमध्येच ‘टेनेसीअन’ मताधिकाराच्या बाजूनं होता, ‘बॅनर’ विरोधात.

बायकांची नावं शोधताना नवऱ्याचं नाव टाका. हे मला फार लागतं. मताधिकारासाठी झटणाऱ्या ॲन डॅलस डडली ‘मिसेस गिल्फर्ड डडली’ म्हणून भेटतात. आपल्याकडे १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायका मतदारयादीतून गळाल्या, कारण ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

आणि कृष्णवर्णीयांचे पेपर वेगळे उघडा, ‘शिकागो डिफेंडर’सारखे. दक्षिणेत मतदान-कर आणि साक्षरतेच्या चाचण्या लावून कृष्णवर्णीय बायकांना १९२० नंतरही दूरच ठेवलं, १९६५च्या मताधिकार कायद्यापर्यंत. दुसऱ्यांच्या पेपरात आपलं दुःख छापून येत नाही, हे दीक्षाभूमीच्या गावात काय सांगायचं? बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढलं तेही १९२०मध्येच, ३१ जानेवारीला.

वाचताना वहीत तारीख, पेपर, पान, रकाना लिहा. बाईचं नाव नवऱ्याच्या नावानं आलं असेल तर खालची ओळ कोरी सोडा आणि तिचं स्वतःचं नाव सापडलं की तिथे भरा. माझ्या वहीत ‘ॲन’ लाल शाईनं आहे.